राजस्थानचे गड आणि महाल कसे पाहावे?

 

सुगी आटोपली, माल बाजारात गेला, चार पैसे गाठीला बांधले, की घरात एक विषय निघतो. यंदा कुठे जायचं? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर. फारच झाले तर काशी-रामेश्वर. आता सहल कंपन्यांची पत्रके तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचली आहेत, आणि त्यांतले एक हमखास राजस्थानचे असते. जयपूर, चितोड, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर. दहा दिवस, गाडीभाडे, राहणे, जेवण आणि माहिती सांगायला गाईड. शाळांच्याही सहली तिकडे जाऊ लागल्या आहेत.

जावे की न जावे, हा आजचा विषय नाही. जरूर जावे. पण अशा सहलीहून परत आलेल्या माणसाला मी नेहमी विचारतो, "काय पाहिलंत?" तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच येते. "अहो, काय ते महाल! काय ते आरसे! डोळे दिपले." मग मी विचारतो, "आणि त्या डोंगरावर पाणी कुठून येत होतं हो?" इथे गाडी अडते. आयुष्यातून एकदा होणारा प्रवास, त्यात घातलेले कष्टाचे पैसे, आणि हाती काय आले तर दिपलेले डोळे! हे बरे नाही. म्हणून आज आपण चार प्रश्न बरोबर घेऊन निघू. कोणत्याही गडावर, कोणत्याही महालात हे चार प्रश्न विचारावे. पाणी कुठून आले? शत्रूची वाट कशी अडवली? बांधणारे हात कोणाचे? आणि सांगितली जाणारी गोष्ट कोणी, केव्हा लिहिली?

पहिला प्रश्न पाण्याचा

जयपूरपासून थोड्या अंतरावर आमेर आहे. जयपूर शहर १७२७ साली सवाई जयसिंहाने वसवले. त्याआधी या कछवाहा राजांची राजधानी आमेर. आजचा महाल राजा मानसिंहाने १५९२ च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुढच्या राजांनी तो वाढवत नेला. गाईड तुम्हाला शीशमहालात नेईल, छताच्या आरशांत एका दिव्याचे हजार दिवे कसे दिसत ते सांगेल. ते जरूर पाहा. पण वर जाण्यापूर्वी पायथ्याच्या मावठा तलावाकडे एकदा नीट बघून घ्या. महाल वर आणि तलाव खाली. तेव्हा पाणी रहाटांनी टप्प्याटप्प्याने वर चढवीत. एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात, तिथून पुढच्या पन्हळीत. आपल्याकडे विहिरीवर रहाट किंवा मोट ज्यांनी हाकली, त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. त्या शीशमहालातला गारवा याच घामावर उभा होता.

आमेरच्या वरच्या डोंगरावर जयगड आहे. तिथे तलावाचे पाणी पोचेना, म्हणून त्यांनी काय केले? आजूबाजूच्या डोंगरउतारावर पडणारा पाऊस दगडी चरांनी वळवून गडात आणला. हे चर कोसभर आणि त्याहून जास्त लांब आहेत. वाटेत ठिकठिकाणी लहान खड्डे ठेवले, म्हणजे गाळ त्यांत बसावा आणि निवळ पाणी पुढे जावे. गडावर त्यासाठी मोठमोठी टाकी बांधली. सर्वांत मोठे टाके साठ लाख गॅलन पाण्याचे म्हणून सांगतात. याच जयगडावर १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, सरकारने राजांचा गुप्त खजिना शोधण्यासाठी खोदकाम केले होते. काही सापडले नाही असे जाहीर झाले. गाईड ही हकिकत मोठ्या रंगात सांगतो. शेतकऱ्याला विचाराल तर तो खजिना म्हणून त्या टाक्याकडेच बोट दाखवील.

गुरुजी, तुमच्या शाळेच्या छपरावर दर पावसाळ्यात किती पाणी पडते आणि किती वाहून जाते, याचा हिशेब मुलांकडून करून घ्यायचा असेल, तर जयगडाइतका चांगला फळा नाही. तोच चर, तोच गाळाचा खड्डा, तेच टाके. फक्त आकार लहान.

पाण्याची दुसरी बाजू जैसलमेरला दिसते. हा गड ११५६ साली रावळ जैसलने वसवला. पिवळ्या दगडाचा, म्हणून उन्हात सोन्यासारखा दिसतो. याचे वैशिष्ट्य असे की आजही गडात वस्ती आहे. घरे आहेत, दुकाने आहेत, देवळे आहेत, हजारो माणसे नांदतात. वर्षाकाठी जेमतेम सहा-सात इंच पाऊस पडणारा हा मुलूख. गडावरच्या बायका शतकानुशतके बाहेरच्या गडीसर तलावावरून घागरी आणीत. एक-एक घागर डोक्यावरून चढवायची म्हटल्यावर पाणी सांडणार कोण?

मग नळ आले. चांगलेच झाले, बायकांच्या डोक्यावरचा भार उतरला. पुढे प्रवासी आले, त्यांच्यासाठी गडातच मुक्कामाच्या खोल्या झाल्या, न्हाणीघरे झाली. सांडपाणी वाढले, पण ते वाहून नेण्याची सोय त्या मानाने झाली नाही. आणि हा गड ज्या टेकडीवर उभा आहे, ती मऊ दगडमातीची. मुरलेल्या पाण्याने ती भुसभुशीत होऊ लागली. काही बुरूज ढासळले. ज्या गडाने वेढे सोसले, त्याला सांडपाणी पोखरते आहे! म्हणून एक विनंती. जैसलमेरला गेलात तर गड पोटभर पाहा, पण मुक्काम गडाबाहेर करा. सहल कंपनीला आधीच तसे सांगा. तेवढाच त्या टेकडीवरचा भार हलका.

दुसरा प्रश्न वाटेचा

जोधपूरचा मेहरानगड एका उभ्या कातळावर आहे. राव जोधाने १४५९ साली त्याचा पाया घातला. खालून पाहिले की मान दुखते. वर जाताना एकामागून एक दरवाजे लागतात. तिकडे दरवाजाला ‘पोळ’ म्हणतात. तिथे एक गंमत ध्यानात घ्या. वाट सरळ दरवाजावर जात नाही. ती दरवाजाशी येऊन एकदम काटकोनात वळते. का बरे? तर दार फोडायला शत्रू हत्ती आणत असे. हत्तीला धडक द्यायची म्हणजे धावायला सरळ जागा हवी. वळणावर त्याला धावच घेता येत नाही. त्यातून तो पुढे आलाच, तर दाराच्या फळ्यांवर त्याच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले असतात. आपल्या रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड दडवलेला आहे, तो जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मुलूख वेगळा, दगड वेगळा, अक्कल तीच. सह्याद्रीतला किल्ला पाहिलेल्या मुलाला मेहरानगड लवकर समजतो. म्हणून आधी आपल्या जवळचा एखादा किल्ला मुलांना दाखवा आणि मग दूरचा दाखवा.

मेहरानगडावर लोहापोळ नावाच्या दरवाजाशी भिंतीवर हाताचे लहान लहान ठसे आहेत, शेंदूर लावलेले. राजा वारला म्हणजे सती जाणाऱ्या राण्या जाताना हे ठसे ठेवून जात. त्यांतले काही १८४३ साली महाराजा मानसिंह वारल्यानंतरचे आहेत. लोक तिथे हात जोडतात, गाईड आवाज हलका करतो. मुले बरोबर असतील तर गुरुजींनी इथे गप्प राहू नये. इंग्रजी मुलखात सतीबंदीचा कायदा १८२९ सालीच झाला होता, त्यासाठी राजा राममोहन रॉय यांनी किती झीज सोसली, ते सांगावे. आणि ही गोष्ट फार जुनी नाही, हेही सांगावे. राजस्थानातच देवराळा गावी १९८७ साली असा प्रकार घडला, देश हादरला, आणि सतीचा गौरव करणे हाही गुन्हा ठरवणारा कायदा त्याच साली झाला. ते हात किती लहान आहेत, एवढे मुलांना नुसते पाहू द्या. बाकीचे त्यांना कळते.

तिसरा प्रश्न हातांचा

जोधपुरातच दुसऱ्या टेकडीवर उमेदभवन आहे. हा महाल जुना नाही. १९२९ साली पाया घातला आणि १९४३ च्या सुमारास काम पुरे झाले. तीनशे सत्तेचाळीस खोल्या! चिरे एकमेकांत खाचा करून बसवलेले. गाईड नक्षीकाम, फर्निचर, महाराजांच्या मोटारी यांविषयी सांगेल. पण हा महाल बांधायला काढला कशासाठी? लागोपाठ पाऊस हुकला, मुलखात अन्न नाही, हाताला काम नाही. तेव्हा लोकांना मजुरी मिळावी म्हणून हे काम काढले, असे सांगतात. दोन-तीन हजार माणसे चौदा-पंधरा वर्षे तिथे राबली.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. रस्त्याकडेला खडी फोडली, बंडिंग केली, पाझर तलाव खोदले. त्यातूनच आपली रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दुष्काळात दोन्हीकडे लोकांना काम मिळाले, दोन्हीकडे चुली पेटल्या. पण काम संपल्यावर एकीकडे पाझर तलाव राहिला आणि दुसरीकडे राजाचा महाल. मी राजाला दोष द्या म्हणत नाही, पोटाला घातले हे खरेच आहे. पण त्या मजुरांचा घाम कोणाच्या कामी आला, हे विचारायला हरकत काय? वर्गात यावर वाद घालून पाहा. मुले दोन्ही बाजूंनी भांडतील, आणि भांडलीच पाहिजेत.

पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. राजस्थानातली मोठी संस्थाने १९४९ साली एक झाली. राजांना सरकारकडून तनखे मिळत, ते १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले. एवढे मोठे वाडे सांभाळायचे कसे? कोणी हॉटेल काढले, कोणी पदार्थसंग्रहालय. उमेदभवनाच्या एका भागात हॉटेल आहे, एका भागात संग्रहालय आणि एका भागात राजघराणे राहते. उदयपूरच्या पिछोला तलावातला महाल तर त्याही आधी, १९६० नंतरच्या काही वर्षांतच, हॉटेल झाला. म्हणून काही महाल तुम्हाला लांबूनच पाहावे लागतात, याचे वाईट वाटून घेऊ नका.

चौथा प्रश्न गोष्टीचा

आता चितोड. डोंगरावर सुमारे सातशे एकरांचा गड, सात पोळी, आणि मधोमध राणा कुंभाचा नऊ मजली विजयस्तंभ, १४४८ सालचा. गौमुख कुंडावर झरा अजून वाहतो. इथे पाय ठेवला की गाईड पद्मिनीची गोष्ट सुरू करतो. अल्लाउद्दीनाने आरशात राणीचे रूप पाहिले, मग युद्ध, मग जोहार. खोलीही दाखवतात.

इथे चौथा प्रश्न विचारा. अल्लाउद्दीन खिलजीने चितोड घेतले ते १३०३ साली. ते खरेच. त्या स्वारीत कवी अमीर खुसरो स्वतः हजर होता आणि त्याने हकिकत लिहून ठेवली; तीत पद्मिनीचे नाव नाही. पद्मिनीची कथा सविस्तर येते ती मलिक मुहम्मद जायसीच्या ‘पद्मावत’ या काव्यात, आणि ते लिहिले गेले १५४० च्या सुमारास. म्हणजे मध्ये दोनशे सदतीस वर्षे गेली. पद्मिनीचा म्हणून दाखवतात तो महालही आज दिसतो तसा एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे. मग गोष्ट टाकून द्यायची का? नाही. लोकांनी ती इतकी वर्षे जपली, हीसुद्धा एक हकिकतच आहे. फक्त काव्याला काव्य म्हणावे आणि नोंदीला नोंद म्हणावे. जयगडावर जयबाण नावाची प्रचंड तोफ आहे, १७२० सालची, सुमारे पन्नास टन वजनाची. तिचा गोळा पस्तीस किलोमीटरवर पडला आणि तिथे तळे झाले, असे गाईड सांगतो. तोफ खरी, वजन खरे. तळ्याचे ऐकून हसावे आणि पुढे चालावे.

पण चितोडवर एक अशी गोष्ट आहे की जी गाईड सहसा सांगत नाही. १५६७ च्या ऑक्टोबरात अकबराने वेढा घातला, आणि १५६८ च्या फेब्रुवारीत गड पडला. जयमल आणि पत्ता हे वीर पडले. त्यांच्या छत्र्या आहेत, लोक फुले वाहतात. गड पडल्यावर मोठी कत्तल झाली. सुमारे तीस हजार माणसे मारली गेली, असा आकडा इतिहासात येतो. ही माणसे कोण होती? त्यांत फार मोठी संख्या आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची होती. लढाई आली म्हणून बायकापोरे घेऊन गडाच्या आसऱ्याला आलेली, आणि वेळ पडली तेव्हा लढलेली. त्यांची छत्री नाही, नाव नाही. तुम्ही शेतकरी आहात. विजयस्तंभ पाहून झाला की घटकाभर तटापाशी उभे राहा आणि खाली पसरलेली शेते पाहा. ती माणसे तिथूनच वर आली होती.

आणि एक प्रश्न आपला

चार प्रश्न झाले. पाचवा खास मराठी माणसाचा. आपला या मुलखाशी संबंध काय?

आमेरच्या ज्या शीशमहालात तुम्ही उभे राहता, तो ज्यांच्या काळचा, ते मिर्झाराजे जयसिंह. १६६५ साली पुरंदराला वेढा घालणारे, मुरारबाजी ज्या लढाईत पडले ती लढाई करणारे, आणि शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे हेच. त्यांच्याच शब्दावर महाराज १६६६ साली आग्र्यास गेले. हे सांगितले म्हणजे मुलांच्या डोळ्यांत एकदम चमक येते.

पण दुसरी बाजूही सांगा. जयपूरच्या बाजारात ईसरलाट नावाचा उंच मनोरा दिसतो. तो सवाई जयसिंहाचा मुलगा ईश्वरीसिंह याने बांधला. भावाभावांत गादीचे भांडण लागले, तेव्हा आपल्या मराठ्यांच्या फौजा पैशाच्या करारावर मध्ये पडल्या. खंडणी देता येईना आणि फौज दाराशी आली, म्हणून १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहाने जीव दिला. पुढच्याच महिन्यात जयपूरच्या लोकांचा संताप उसळला आणि शहरात आलेले अनेक मराठे मारले गेले. म्हणजे तिथल्या गाईडच्या तोंडी ‘मरहट्टे’ हा शब्द आला, तर तो नेहमी कौतुकाने येईल असे समजू नका. राग मानू नका, ऐकून घ्या. आपल्या घरी जो पराक्रम, तो दुसऱ्याच्या घरी संकट असू शकतो. हे एवढे जरी मुलांनी त्या प्रवासात शिकले, तरी सहलीचे पैसे वसूल झाले.

जाता जाता शिक्षकांसाठी एक. जयपूरला जंतरमंतर चुकवू नका. तिथले सम्राट यंत्र म्हणजे सत्तावीस मीटर उंचीचे सूर्याचे घड्याळ. सावली डोळ्यांदेखत सरकते, सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर. मुले आपल्या मनगटावरचे घड्याळ पाहतील आणि म्हणतील, "गुरुजी, हे मागे आहे!" मागे नाही. ते जयपूरची वेळ सांगते, आणि आपले घड्याळ साऱ्या भारताची. दोहोंत सुमारे सत्तावीस मिनिटांचे अंतर पडते, शिवाय ऋतूप्रमाणे काही मिनिटे कमीजास्त होतात. रेखांशाचा धडा यापेक्षा सोपा करून कोण सांगणार?

आता थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. वाळवंटात रात्री थंडी कडक पडते, घोंगडी किंवा शाल जवळ ठेवा. गडांवर चढण आहे, म्हाताऱ्या माणसांना काठी द्या, पाण्याची बाटली द्या. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून लिहून घ्या: प्रवेशाची तिकिटे धरली आहेत का, कोणत्या ठिकाणी किती वेळ थांबणार, गाईड सरकारी परवान्याचा आहे का. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत, जसे चितोड, पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. शाळेचा दाखला जवळ असू द्या. गाईडने दुकानात नेले तर पाहा, पण घेतलेच पाहिजे असे नाही. त्याला तिथे वाटा मिळतो. आणि त्याला प्रश्न विचारायला लाजू नका. चांगल्या गाईडला प्रश्न विचारणारा माणूस आवडतो. दिवसभर तीच ती गोष्ट सांगून तोही कंटाळलेला असतो.

निघण्याच्या आदल्या रात्री हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. परत आल्यावर देवळाच्या पारावर किंवा शाळेच्या वर्गात त्यांची उत्तरे वाचून दाखवा, म्हणजे जे जाऊ शकले नाहीत त्यांचीही सहल होईल. बरे तर, रजा घेतो. राम राम.